शहापूर-मुरबाडची प्राथमिक शाळा : विद्या, कला आणि क्रीडा यांची परंपरा

पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या स्मरणिकेत मंदिर, उपाश्रय आणि पाठशाळा यांचा इतिहास यथास्थित येतोच. त्याच्या जोडीला, ज्या गावांनी आपल्या समाजाला पिढ्यानुपिढ्या आपले मानले, त्या गावांतील एका सार्वजनिक वास्तूचा इतिहासही येथे नोंदविला जावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ती वास्तू म्हणजे गावची मराठी प्राथमिक शाळा. शहापूर, वासिंद, किन्हवली, मुरबाड, सरळगाव, टोकावडे अशा बाजाराच्या गावी किराणा, कापड व धान्य यांच्या व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या जैन घरांतील मुले कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी मुलांच्या शेजारी बसून अक्षरे गिरवायला शिकली ती याच शाळेत.

ओनामा

एखाद्या कार्यास आरंभ करणे यास मराठीत ‘ओनामा करणे’ असे म्हणतात. हा शब्द ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनावरून आलेला आहे. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोट टेकविताना मूल प्रथम ‘श्रीगणेशाय नमः’ म्हणे आणि लगेच सिद्धांना वंदन करी. या प्रथेचा ऊहापोह इतिहासकार डॉ. अ. स. आळतेकर यांनी राष्ट्रकूटांच्या काळावरील आपल्या १९३४ सालच्या इंग्रजी ग्रंथात केला आहे. त्यांच्या मते, मध्ययुगात दक्षिणेतील बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर जैन गुरूंचा एवढा प्रभाव होता की, तो काळ सरल्यावरही अजैन घरांतील मुले तेच वचन गिरवीत राहिली. काही अभ्यासक या वचनाचा संबंध कातंत्र व्याकरणाच्या परंपरेशी जोडतात. मतभेद राहोत; परंतु गावातील प्रत्येक मुलाला अक्षरओळख करून देणे हे पुण्यकर्म आहे, ही धारणा आपल्याकडे किती जुनी आहे, याची साक्ष हा एक शब्द देतो.

आधुनिक काळात हीच धारणा कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कृतीत आणली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली.

मुरबाडचे सुपुत्र

प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात मुरबाडला मानाचे स्थान आहे. नामदार जगन्नाथ शंकरशेट, अर्थात नाना शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडच्या मुरकुटे घराण्यात झाला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सदस्य होते. या मंडळात १८४७ च्या सुमारास एक मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजी माध्यमाकडे होता. सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोहोचवायचे असेल तर ते तिच्या भाषेतूनच दिले पाहिजे, असा आग्रह नानांनी धरला. कर्नल जर्विस आणि एतद्देशीय सहकारी त्यांच्या बाजूला होते. खेड्यांतील शाळा मराठी राहिली, यामागे या आग्रहाचा मोठा वाटा आहे.

१८४९ मध्ये मुलींच्या शाळेसाठी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली, तेव्हा समाजातील अनेकांचा रोष पत्करला. विशेष म्हणजे, ग्रँट रोडवरील नाट्यगृह ज्या जमिनीवर उभे राहिले ती जमीनही त्यांचीच. विष्णुदास भावे यांच्या मंडळीने १८५३ मध्ये तेथे मराठी नाटके केली. शाळा आणि रंगमंच या दोहोंना जागा देणारा हा मुरबाडचा दाता होता.

डोंगरापर्यंत पोहोचलेली शाळा

नाना ज्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या आरंभीच्या संचालकांपैकी होते, ती रेल्वे १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत आली. त्यामुळे शहापूर तालुक्याचा मुंबईशी थेट संबंध जुळला. मुरबाड मात्र माळशेज घाटाच्या वाटेवरचा तालुका राहिला. शाळांची वाढही वाटांच्या मागोमाग झाली. आधी बाजाराची गावे, मग मोठी खेडी आणि सर्वांत शेवटी डोंगरातील पाडे, असा तो क्रम होता.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक मंडळांकडे सोपविला. १९४७ च्या कायद्याने सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा मार्ग अधिक स्पष्ट केला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ‘लोकल बोर्डाची शाळा’ ही ‘जिल्हा परिषदेची शाळा’ झाली. त्या काळी पुष्कळ ठिकाणी शाळेला स्वतःची इमारत नसे. मारुतीच्या देवळात, चावडीत किंवा एखाद्या गृहस्थाच्या पडवीत वर्ग भरत. सातवीची ‘फायनल’ उत्तीर्ण झालेले एकच गुरुजी चारही इयत्ता सांभाळीत. पुढे इमारत झाली ती अनेक ठिकाणी सरकारी अनुदान, लोकवर्गणी आणि श्रमदान यांच्या मेळातून. कोणी जागा दिली, कोणी लाकूड दिले, कोणी कौले दिली. शाळा ‘आपली’ वाटण्याचे मूळ या सहभागात आहे.

या भूमीवरील स्वातंत्र्यलढ्यालाही शिक्षणाचा धागा आहे. मुरबाड तालुक्यातील सिद्धगड येथे २ जानेवारी १९४३ रोजी हुतात्मा झालेले भाई विठ्ठल कोतवाल हे माथेरानचे वकील. हिराजी पाटील यांनीही त्याच दिवशी त्यांच्यासमवेत बलिदान केले. भूमिगत लढ्यात उतरण्यापूर्वी भाईंनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा चालविल्या होत्या. दरवर्षी २ जानेवारीला सिद्धगडावर त्यांना अभिवादन होते.

रंगमंच

गावची शाळा ही बहुतेक खेड्यांत गावाचा एकमेव रंगमंचही असते. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीची प्रभातफेरी, ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती आणि वर्षाअखेरचे स्नेहसंमेलन हे या रंगमंचाचे ठरलेले प्रसंग. व्हरांड्याला किंवा चार बांबूंना साड्यांचे पडदे बांधले की रंगमंच सिद्ध होतो. ज्या मुलाचा वर्गात आवाज निघत नाही, तो तेथे मावळा होऊन गर्जना करतो. त्याची आई रानातून लवकर परतते आणि पहिल्या रांगेत बसते.

या तालुक्यांतील मुलांना नृत्य मुळात शिकवावे लागत नाही. ठाकरांचा कांबडनाच, गौरीनाच आणि वारल्यांचा तारपानाच ही कला घराघरांत आहे. मात्र दीर्घकाळ शाळेने तिच्याकडे ‘रानातली गोष्ट’ म्हणून पाहिले. सुजाण शिक्षकांनी ती संमेलनात आणली तेव्हा मुलांना प्रथमच जाणवले की, आपल्या घरी जे आहे त्यालाही शाळेत मान आहे. त्यामुळे शाळेची भीती कमी होते आणि उपस्थिती वाढते. ज्याला प्रमाणभाषेतील धडा वाचताना अडखळायला होते, त्याच्यासाठी रंगमंच हीच शाळेची पहिली पायरी ठरते.

या प्रसंगी गावातील दुकानदारांनी वह्या, पाट्या, खाऊ किंवा बक्षिसाची भांडी द्यावीत, हा जुना रिवाज. आपल्या समाजातील अनेक घरांनी तो निष्ठेने पाळलेला आहे.

क्रीडांगण

आपल्या देशी खेळांचे वैशिष्ट्य असे की, त्यांना साधनसामग्री अत्यल्प लागते. लंगडीला चुन्याची रेघ पुरते. खो-खोला दोन खांब हवेत, कबड्डीला मऊ माती. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने या खेळांना नियमबद्ध रूप देण्यात पुढाकार घेतला. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेली पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी जिंकली. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे.

या यशाचा पाया मात्र केंद्रस्तर, बीटस्तर, तालुकास्तर आणि जिल्हास्तर अशा पायऱ्यांनी चढणाऱ्या प्राथमिक शाळांच्या स्पर्धांत आहे. पाड्यावरील मुलगी धावण्याच्या स्पर्धेसाठी तालुक्याच्या गावी येते, तेव्हा अनेकदा तो तिचा तेथवरचा पहिलाच प्रवास असतो. संघात जात विचारली जात नाही. ‘खो’ कोणाला द्यायचा, एवढाच प्रश्न असतो.

मूल येऊ शकत नाही तेव्हा

या परंपरेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तानसा आणि भातसा या धरणांतून मुंबईला पाणी पुरविणाऱ्या शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. हंडा डोक्यावर असलेली मुलगी वर्गात उशिरा पोहोचते. पावसाळ्यात भातलावणी आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवरील स्थलांतर यांमुळे पट आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांत अंतर पडते. कातकरी कुटुंबे भट्टीवर गेली की मुलेही जातात आणि परतेपर्यंत वर्ष संपलेले असते.

यावर उपाय शोधणारी थोर माणसे याच ठाणे जिल्ह्यात होऊन गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे कार्य केले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्यांचे सूत्र. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. अंगणवाडीची कल्पनाही त्यांचीच. पुढे १९९० च्या दशकात विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. कच्च्या विटांनी रचलेल्या झोपडीला भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

अलीकडचे दोन दाखले आपल्याच तालुक्यांतील आहेत. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभा केला आणि तो राज्यभरातील शिक्षकांसाठी अनुकरणीय ठरला. मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे प्राथमिक शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आणि अंबरनाथच्या मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी साडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन अक्षरे गिरवू लागल्या. बालपणी ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्यांच्यासाठी एका शिक्षकाने आणि एका धर्मादाय न्यासाने मिळून ते उघडले.

आजचा प्रश्न

आज या शाळांपुढील संकट पटसंख्येचे आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी. परंतु २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक आणि अधिक सोयी मिळतील, हा युक्तिवाद निराधार नाही. तथापि, पावसाळ्यात ओढा ओलांडून दूरच्या शाळेत सहा वर्षांचे मूल नियमित जाईल, असे मानणे कठीण आहे. शिवाय पाड्यावरील शाळा बंद झाली की गावाचा रंगमंच आणि क्रीडांगणही त्याच दिवशी बंद होते.

पट घटण्यास आपणही काही अंशी कारण आहोत. बाजारपेठेतील सुस्थित घरांतील मुले इंग्रजी माध्यमाकडे वळली. पालकांची निवड समजण्यासारखी आहे. पण त्याबरोबर गावच्या शाळेकडे लक्ष देणारे, प्रश्न विचारणारे पालकही तिच्यापासून दुरावले. मुले गेली तरी आपला ऋणानुबंध तुटण्याचे कारण नाही.

आपण काय करू शकतो, याचे उत्तर वरील इतिहासातच आहे. क्रीडांगण सपाट करून खो-खोचे खांब रोवणे, वाचनालयास पुस्तके देणे, स्नेहसंमेलनाचा खर्च उचलणे आणि स्थलांतराच्या काळात मागे राहणाऱ्या मुलांच्या भोजन-निवासाची व्यवस्था करणे, ही कामे आपल्या आवाक्यातील आहेत. शास्त्रांनी आहार, औषध, अभय आणि ज्ञान अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. या सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने शहापूरमधील एक आणि मुरबाडमधील एक अशा दोन लहान शाळा निवडाव्यात आणि त्यांचा पट टिकविण्याची जबाबदारी पुढील दहा वर्षांसाठी स्वीकारावी, अशी सर्व विश्वस्त आणि समाजबांधवांना नम्र विनंती आहे.