पुड्याचा कागद

उद्या तुझा साखरपुडा. गंगापूर रोडवरचं लॉन्स ठरलं आहे, दोनशे ताटांचं सांगून झालं आहे, आणि मामा दोनदा विचारून गेला आहे, "यादीवर शादी करून टाकायची का? पाहुणे जमतातच आहेत, अक्षता तेवढ्या टाकायच्या." आपल्या नाशिककडे हे नवं नाही. साखरपुड्याला जमलेल्या माणसांतच लग्न लागून जातं, दोन्ही घरांचा खर्च वाचतो, आणि त्यात वाईट काही नाही. तरी तू नको म्हणालीस. का, ते तुला नीट सांगता आलं नाही. हा दिवस वेगळा हवा, एवढंच म्हणालीस.

रात्रीचे अकरा वाजलेत. आजी पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपली आहे. उद्या नेसायची पैठणी तिच्या पेटीतून काढून ठेव, असं तिनेच सांगितलं होतं. आजोबांनी निवृत्तीच्या वर्षी येवल्याहून आणलेली, वांगी रंगाची. तू घडी उचलतेस, पदर मोकळा होतो आणि त्यातून एक कागद खाली पडतो. जाड, करडा, पंख्याच्या आकाराचा. एका टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या सुरकुत्या. तू तो नाकाशी नेतेस. डांबराच्या गोळ्यांचा वास, बाकी काही नाही. मग सुरकुत्या सांगतील तसा तो वळवत जातेस, कडेवर कड येते, आणि हातात शंकू उभा राहतो.

बाहेरचा रस्ता गप्प होतो.

पायाखाली शहाबादी फरशी आहे, उन्हाने तापलेली. दहीपुलाजवळचा वाडा, मे १९६९. चौकात तुळस, जिन्याखाली पाण्याची पिंपं, आणि भांडी बाजाराकडून येणारे ठोके. एकसारखे, न थकता पडणारे. तुझ्या नाशकात हा आवाज आता शोधावा लागतो. इथे तो कोणाला ऐकूसुद्धा येत नाही, इतका सवयीचा आहे. तू मधोमध उभी आहेस आणि कोणी तुझ्याकडे बघत नाही. एक बाई पदर खोचून तुझ्या अगदी जवळून जाते. तिच्या हनुवटीवर तुझ्या हनुवटीवरचा खळगा आहे. ही पणजी.

सिन्नरहून पाहुणे येऊन बसले आहेत. आठजण, एसटीने आले. मुलगा प्रेसात आहे, असं जिन्यावरच्या बायका एकमेकींना हळूच सांगतात. नाशकात त्या काळी एवढं वाक्य पुरे. नाशिक रोडचा सिक्युरिटी प्रेस १९२५ पासूनचा, शेजारी नोटांचा प्रेस १९२८ पासूनचा. तिथे चिकटलेला मुलगा म्हणजे मुलीच्या बापाची झोप परत आली. ओझरला विमानांचा कारखाना निघाला होता, पण प्रेसची सर त्याला अजून आली नव्हती.

आत माजघरात ती आहे. अठरा वर्षांची, मॅट्रिक झालेली, हिरव्या पाचवारीत, केसांना तेल लावून घट्ट वेणी. कायद्याला तेव्हा पंधरा वर्षं पुरत. अठराची अट १९७८ साली आली. त्या मानाने ती मोठीच म्हणायची. मुलगा तिने एकदा पाहिला आहे, पोह्यांच्या बशीवरून. पसंत आहे का, असं तिला कोणी विचारलेलं नाही. घरातली माणसं दुष्ट म्हणून नव्हे. वडिलांनी तीन महिने पायपीट केली होती, देणंघेणं नको म्हणणारं घर मिळेपर्यंत ते थांबले होते. मुलीला विचारायचं असतं, हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही. तू दाराच्या चौकटीला टेकून तिच्याकडे बघत राहतेस. तिच्याशी बोलावंसं वाटतं. आपण बोलू शकत नाही, हे तुला तेव्हाच कळतं.

मग ओसरीवर एकदम शांतता पसरते. विहीणबाईंनी पिशवीतून साखरेचा पुडा काढला आहे, आणि तो एसटीच्या गर्दीत चेपून फाटला आहे. सोनेरी कागद एका अंगाने उसवलेला, साखर पिशवीत, साखर लुगड्यावर, साखर फरशीवर. विहीणबाईंचा चेहरा उतरतो. शुभकार्याला असं होणं त्यांना लागलं आहे. कोणीतरी पुटपुटतं देखील.

पणजी पुढे होते. "असू द्या हो. आमच्या उंबऱ्यात साखर सांडली, याहून चांगलं काय व्हायचं?" असं म्हणून ती आत वळते आणि आवाज न करता घर हलवते. धाकट्या मुलाला म्हणते, जाड कागद आण. तो घरभर फिरतो आणि बहिणीच्या चित्रकलेच्या वहीचं कव्हर टरकावून आणतो. पणजी ते गुडघ्यावर वळते, खळ लावते. उरल्या साखरेने पुडा अर्धाच भरतो. रेशनच्या साखरेचे दिवस, महिना अखेरीला आलेला, डब्यात खडखडाट. मग जिन्यावरच्या बायका उठतात. एक वाटी वरच्या मजल्यावरून, एक समोरच्या खोलीतून, एक सोनारकाकूंकडची. मोजलीस तर पाच घरं भरतात. तुझ्या आजीचा पुडा पाच घरांच्या साखरेने भरला, आणि त्या बायकांनी ती साखर परत मागितली नाही.

कुंकू लावलं जातं. नारळ, खण, हळकुंडं, सुपाऱ्या, तांदूळ. ओटीत एकेक पडत जातं आणि तिची मान खाली खाली जाते. पुडा हातात येतो तेव्हा तिची बोटं कागदावर थांबतात. तिने ओळखलं आहे. आतल्या बाजूला तिच्याच अक्षरात तिचं नाव आहे, वडिलांचं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी. महिन्याभराने, जूनमध्ये, तांदळाच्या ताटात अंगठीने दुसरं नाव लिहिलं जाईल आणि मग तिला त्याच नावाने हाक मारतील. तू तिला त्याच नावाने ओळखतेस. पहिलं नाव तू आज, इथे उभी राहून, पहिल्यांदा वाचतेस.

"हलू नका," फोटोग्राफर म्हणतो. त्याला मेन रोडवरून बोलावून आणलं आहे. चौकात उजेड आहे म्हणून सगळे तुळशीपाशी उभे राहिले आहेत. पणजोबा टोपी नीट करतात. पणजीच्या हाताला अजून खळ आहे, ती पदराखाली लपवते. आणि ती, तुझी आजी, कॅमेऱ्याकडे बघतच नाही. तिची नजर फरशीवर आहे, सांडलेल्या साखरेकडे निघालेल्या मुंग्यांच्या रांगेवर. खालचा ओठ दातांखाली. रडू येऊ नये म्हणून माणूस काहीतरी बारीक बघत राहतं, तसं.

हा फोटो आजीखेरीज घरात कोणी पाहिलेला नाही. तुझ्या आईनेही नाही. तू आत्ता तो घडताना पाहते आहेस, आणि पुढचं तुला ठाऊक आहे. एक प्रत निघेल, चौकटीत बसेल आणि खालच्या मजल्यावर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी लावली जाईल. त्याच पावसाळ्यात गंगा चढेल. गोदेला इथे गंगाच म्हणतात. आधी दुतोंड्या मारुतीच्या पायाशी, मग कमरेशी, मग डोक्यावरून. नारोशंकराच्या देवळाच्या घंटेला पाणी लागल्याच्या गोष्टी लोक पुढे पन्नास वर्षं सांगतील. पाणी सराफ बाजारात शिरेल, दहीपूल गिळेल, या चौकात येईल. माणसं वरच्या मजल्यावर जातील, धान्य वर जाईल, देव वर जातील. भिंतीवरच्या फोटोची आठवण कोणाला होणार नाही. तिची नवी खोली तेव्हा नाशिक रोडला, नदीपासून कोसभर लांब असेल. पेटीत साखरपुड्याचा कागद असेल. तो तेवढा वाचेल.

"वर लावा," तू ओरडतेस. "तो फोटो वरच्या मजल्यावर लावा!" पणजी पेढ्यांचं ताट घेऊन तुझ्यासमोरून निघून जाते.

तू वाड्याबाहेर पडतेस. बोळातून उतार सरळ गंगेकडे जातो. रामकुंडावर कोणी अस्थी घेऊन आलं आहे, कोणी पिंडदानाला बसलं आहे. एका ओट्यावर क्षेत्रोपाध्ये लांबट वही उघडून बसले आहेत. गाव सांगा, आडनाव सांगा, आणि ते पान काढतात. तुमचे पणजोबा अमुक साली आले होते, ही त्यांची सही. नाशिकच्या या नामावळ्यांनी किती घराण्यांच्या पिढ्या जपून ठेवल्या आहेत. मला त्या वह्यांबद्दल फार आदर आहे. पण लोक तिथे बहुतेक येतात ते अस्थी घेऊन, श्राद्धाला, नाहीतर बारा वर्षांनी सिंहस्थाला. साखरपुडा झाला म्हणून कोणी गंगेवर येऊन सही करत नाही. पाच घरांची साखर कोणत्याही वहीत नाही.

पाण्याच्या उलट दिशेने चालायला लाग. घाट मागे पडतात, पूल मागे पडतात, मग वर्षंही मागे पडू लागतात. काठावर झाडी दाटते. जलालपूर. साल १८८०.

नदीकाठी अकरा वर्षांची एक मुलगी आहे. मनकर्णिका गोखले, घरात मनू. तिच्या आजोबांना, आईच्या वडिलांना, १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली. त्या धक्क्याने तिच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरची वस्तू धुतल्याखेरीज घरात येत नाही, आणि बायकोमुलांचा जीव त्या धुण्यातच जातो. याच वर्षी मनूचं लग्न नारायण वामन टिळक नावाच्या तरुणाशी होतं. तिचा होकार नकार हा विषयच नाही. फोटोचा तर नाहीच. नाव बदलतं. मनकर्णिका गोखले संपते आणि लक्ष्मी टिळक सुरू होते.

संपते, असं त्या दिवशी तरी सगळ्यांना वाटलं असेल. पण ही मुलगी पुढे अक्षरं शिकणार आहे, लग्नानंतर, नवऱ्याकडून. हा नवरा न सांगता घर सोडून निघून जाणारा, मोठा कवी होणारा, १८९५ साली ख्रिस्ती होऊन तिचं जग उलटंपालटं करणारा. काही वर्षांनी तीही त्याच वाटेने जाईल. आणि म्हातारपणी ती सगळं लिहून काढेल. वडिलांचं सोवळं, आईचे हाल, नवऱ्याचं वेड आणि त्याच्यावरचा जीव. बोलल्यासारखं, हसत हसत, कोणावर सूड न उगवता. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. शेवटचा पुरा व्हायच्या आत, १९३६ साली, त्या गेल्या. अकराव्या वर्षी जिला कोणी काही विचारलं नाही, तिच्याच शब्दांतून आपण आज ते घर बघतो. मनूही त्या पानांत आहे, नदीकाठी, आपल्या जुन्या नावासकट.

मनू पाण्यात पाय सोडून बसली आहे. तू तिच्याशेजारी थोडा वेळ बसतेस. मग हातातला शंकू सैल होतो, कागद उलगडतो.

पलंग करकरतो. पहाटेचे पाच, आजीची उठायची वेळ. दिवा न लावता ती तुझ्या हातातलं चाचपते आणि तिला लगेच कळतं.

"अगं बाई, हा सापडला होय तुला?"

"आजी, यात तुझं नाव आहे."

ती कागद खिडकीपाशी नेते. बराच वेळ बोलत नाही. मग ते नाव वाचते, मोठ्याने, पूर्ण, तुकडीसकट. वर्गात हजेरी द्यावी तसं. या घरात ते नाव तू कधी ऐकलेलं नाहीस.

"फोटो होता बरं का आमचा," ती म्हणते. "पुरात गेला. दादांनी भिंतीवर लावला होता, कोणाला सुचलंच नाही काढायचं. पण मला पाठ आहे तो. दादांची टोपी, आईचा हात पदराखाली. आणि मी सरळ कॅमेऱ्यात बघत होते. हसत होते चांगली."

तुझ्या डोळ्यांपुढे मुंग्यांची रांग येते. तू ते बोलत नाहीस.

"पुडा फाटला होता ना सासूबाईंचा?" तू विचारतेस.

आजी चमकून बघते. "हे तुला कोणी सांगितलं?" मग उत्तराची वाट न बघता पलंगावर मांडी घालून बसते. "ये, बस. फाटला म्हणजे काय, सगळी साखर सांडली. मग आमच्या वाड्यातल्या बायका... थांब, एकेकीचं नाव आठवू दे. वरच्या मजल्यावरची पहिली."

तू वही ओढून घेतेस आणि पेनाचं टोपण काढतेस.