मद्याचे मोल आणि मोहाचा भाव

भंडारा, तुमसर, साकोली अशा कोणत्याही गावी ‘वाईन शॉप’ ही पाटी आढळते. पाटीवर वाइन आणि फळीवर बहुतांशी व्हिस्की, रम व बिअर, हा प्रकार अर्थात महाराष्ट्रभरचाच. तेथे बाटलीवर किंमत छापलेली असते, त्यामुळे घासाघीस होत नाही. याच जिल्ह्यात मार्च-एप्रिलच्या पहाटे वेचलेली मोहाची फुले वाळून आठवडी बाजारात येतात, तेव्हा त्यांचा भाव घेणारा सांगतो आणि विकणारी ऐकते. मद्य घेऊन पुन्हा विकणाऱ्याने किती दाम घेतला म्हणजे तो वाजवी, हा प्रश्न फार जुना आहे. त्याची जुनी उत्तरे चाळताना बाजारातले हे दृश्य आम्हांस वारंवार आठवत राहिले.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे मद्याचे प्रकार तेथे येतात. पैकी मधु म्हणजे द्राक्षांचे मद्य, आणि नेमकी त्याचीच ओळख त्याच्या देशावरून दिली आहे : कापिशायन आणि हारहूरक. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्राम. उंची मद्याला गावाचे नाव लागते आणि नावामागून किंमत येते, ही रीत युरोपची म्हणून आपण वाचतो. ती येथे आधीच दिसते. पुढे व्यापाऱ्यांच्या प्रकरणात मान्य खरेदीदरावर स्वदेशी मालाला शेकडा ५ आणि परदेशी मालाला शेकडा १० एवढाच नफा ठरवून दिला आहे. सुरा पडत्या भावाने किंवा उधारीवर विकू नये. बिघडलेली असेल तरच तशी द्यावी, आणि तीही अन्यत्र. नाहीतर ती दासांना व कामकऱ्यांना वेतनादाखल द्यावी! वाजवीपणाचा एवढा काटेकोर हिशेब मांडणाऱ्या ग्रंथात हे वाक्य किती सहज येऊन जाते.

रोममध्ये हाच प्रश्न वेगळ्या अंगाने पुढे आला. इ. स. पूर्व १२१ मध्ये ओपिमियस कॉन्सल असताना झालेले मद्य पुढे दीडशेहून अधिक वर्षे जपले गेले. त्याची किंमत समजून घेताना थोरला प्लिनी चवीकडे वळत नाही, व्याजाकडे वळतो. मूळ दर एका अँफोराला १०० सेस्टर्स धरून तो शेकडा ६ चे व्याज १६० वर्षांपर्यंत मोजतो. पैसा तळघरात अडकला, त्याचे भाडे द्यायला नको का, असा हा विचार. पण वीस वर्षांपर्यंत मद्याइतकी कशाची किंमत वाढत नाही आणि त्यानंतर साठवणुकीसारखा तोटा नाही, हेही तोच सांगतो. इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लेशियनने कमाल दरांचे फर्मान काढले. त्यात फालेर्नियनसारख्या नामांकित मद्यांना साधारण अर्ध्या लिटरला ३० दिनार आणि साध्या गावठी मद्याला ८ दिनार असा दर आहे. फर्मानाच्या धाकाने माल बाजारातूनच नाहीसा झाला, असे लॅक्टँशियस लिहितो.

फ्रान्समधील बोर्दोचे १८५५ चे वर्गीकरण तर अधिकच बोलके आहे. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी द्राक्षमळ्यांची प्रतवारी केली ती मुख्यतः वर्षानुवर्षे मिळत आलेल्या भावावरून. आधी किंमत, मग प्रत; आणि मग त्या प्रतीच्या आधारे पुन्हा किंमत. साहित्यातल्या अभिजाततेच्या याद्या तयार होतात त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. असो.

भंडाऱ्याकडे वळू. ब्रिटिश मध्य प्रांतात ‘आउटस्टिल’ पद्धतीत दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क एकत्रच लिलावात जाई. १९०५-०६ च्या अबकारी समितीनंतर ठेकेदाराच्या डिस्टिलरीतून ठरीव दराने पुरवठा होऊ लागला. किरकोळ दुकानाचा परवाना मात्र बोलीवरच. म्हणजे किरकोळ विक्रेत्याच्या भावात मालाची किंमत, सरकारी कर आणि स्वतःच्या बोलीची रक्कम, तिन्ही येत. ही बोली वसूल करायची तर भाव वाढवा, खप वाढवा किंवा पाणी मिसळा. ‘वाजवी’ हा शब्द ‘वाजिब’ या अरबी शब्दावरून आला. त्यात कर्तव्याचा अर्थ आहे. या व्यवस्थेत ते कर्तव्य तिजोरीप्रत होते.

मोह तोच राहिला. घरी गाळलेले त्याचे मद्य गुन्हा ठरले आणि भट्टीतले महसूल. १९५६ नंतर भंडारा मुंबई राज्यात आला, १९६० पासून महाराष्ट्रात आहे. दारूविक्रीचे परवाने आपल्याकडे दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याखाली मिळतात, हा विनोद कुणी मुद्दाम रचलेला नाही. फुलांच्या साठवणीवर व वाहतुकीवर निर्बंध होते. ते २०२१ मध्ये शिथिल झाले. तत्पूर्वी २०२० मध्ये केंद्राने सुक्या मोहफुलांचा आधारभूत दर किलोला १७ रुपयांवरून ३० रुपये केला. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्याला ‘हेरिटेज’ हे नाव देऊन बाटलीत भरण्याचे धोरण आणले. कापिशायनाला मिळालेले भाग्य मोहाला मिळायला इतका काळ लागला, आणि तेही बाटलीत गेल्यावर.

दरम्यान प्लिनीचे गणित आपल्या बाजारात शिकवावे लागत नाही. हंगामात स्वस्तात घेतलेली फुले व्यापारी साठवतो आणि पावसाळ्यात चढ्या भावाने काढतो. घेणाऱ्यांत कधी वेचणारेच असतात. साठवणुकीचा काही मोबदला त्याला मिळावा, हे आम्हांस मान्य आहे. पण वेचणारीच्या पहाटेचे व्याज कुणी मोजत नाही.

गाथासप्तशतीत गोदाकाठच्या, फुलांनी जमिनीपर्यंत वाकलेल्या मोहाला एक नायिका विनवते की, बाबा, हळूहळू गळ. फुले संपली की तेथे येण्याचे निमित्त संपेल, असा संकेतस्थळाचा अर्थ आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. एकदा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, सगळी फुलं एकाच वेळी पडली तर वेचायला माणूस पुरत नाही, अन् बाजारात भावही पडतो.” शृंगाराचा अर्थ आम्ही खोडला नाही. तिचा अर्थ मात्र समासात लिहून ठेवला आहे.