दारातला वसुलीवाला

भगिनींनो, मागल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या चाळीत एक प्रसंग घडला. शेजारच्या वहिनींचे विनातारण कर्जाचे दोन हप्ते थकले होते. दिवेलागण होऊन गेली होती. वसुलीचा माणूस उंबऱ्यात उभा राहून साऱ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “गळ्यात सोनं आहे की!” वहिनींचा हात मंगळसूत्राकडे गेला. मी माझ्या दारातच होते, पण काही बोलले नाही. काय बोलावे तेच मला ठाऊक नव्हते. त्यानंतर जे वाचून काढले, ते येथे सांगते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या दारी जमले. कापसाची तेजी ओसरली होती, सारा मात्र वाढला होता. वाचता न येणाऱ्या कुणब्याने खतावर निशाणी केली, की मुद्दल किती नि व्याज किती हे सावकाराची वही सांगेल तेच खरे! म्हणून लोकांचा मुख्य रोख त्या खतांवर होता. ठिकठिकाणी खतांची होळी झाली. हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले.

सरकारने चौकशी मंडळ नेमले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत देण्यापायी शेतकऱ्याची कैद बंद झाली. खतामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. पैसे पोचल्याची पावती व हिशेब देणे सावकारावर बंधनकारक झाले.

पुढे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आपणा बायकांच्या कामाची दोन कलमे आली. ती आजही लागू आहेत. पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला कैद करता येत नाही. जप्ती आली तरी अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्मरूढीने स्त्रीला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना यांना हात लावता येत नाही. ही मर्यादा खुद्द न्यायालयाला आहे. मग हुकूमनाम्यावाचून आलेल्या माणसाची काय कथा?

रिझर्व्ह बँकेनेही २०२२ साली नियम घालून दिले. अल्प उत्पन्नाच्या घरांना दिलेल्या अशा कर्जांच्या वसुलीसाठी सकाळी ९ पूर्वी वा सायंकाळी ६ नंतर फोन करू नये, धमकी व अपशब्द वापरू नयेत, असे त्यांत आहे.

घेतलेले कर्ज फेडलेच पाहिजे, याविषयी दुमत नाही. वहिनी आजही फेडीत आहेत. पण कर्ज पैशाचे असते, अब्रूचे नव्हे. पुन्हा असा कोणी उंबऱ्यात आला, तर मी पुढे होऊन त्याचे ओळखपत्र मागेन, वेळ विचारीन आणि हप्त्याची पावती घेतल्याखेरीज त्याला जाऊ देणार नाही. त्या वेळी आपणांपैकी चौघी जणी माझ्या शेजारी उभ्या राहाल ना?