व्यसनग्रस्त पालक : कुटुंबाधार व बालकल्याण

आई किंवा वडील दारू वा अन्य अमली पदार्थांच्या आहारी गेल्याने ज्यांचे संगोपन धोक्यात येते, अशा मुलांना व त्यांच्या घराला मिळणारे साहाय्य. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दारूपायी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक तिने नोंदवले. त्यांच्या घरच्यांची मोजदाद या आकड्यात नाही.

महाराष्ट्रात या कामाला वळण दिले ते पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने. डॉ. अनिता (सुनंदा) व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर १९८६ मध्ये ते येरवड्यात सुरू केले. अवचटांचे ‘गर्द’ हे अमली पदार्थांच्या व्यसनावरील लेखन त्यामागे होते. येथे रुग्णाइतकेच त्याच्या घराकडे लक्ष दिले जाते. पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालतो. नवऱ्याची उधारी फेडणे, साहेबाला तो आजारी असल्याचे कळवणे, मुलांना गप्प बसवणे, हे सारे बाई संसार टिकावा म्हणून करते आणि त्यात व्यसनच टिकते. हे तिला दोष न देता सांगावे लागते, आणि ते सर्वांत चांगले सांगते ती त्याच वाटेने गेलेली दुसरी बाई. दारूग्रस्तांच्या नातेवाइकांसाठी जगभर चालणाऱ्या अल-अ‍ॅनॉन (१९५१) व किशोरवयीन मुलांच्या अलाटीन (१९५७) या गटांचा पायाही हाच. नवरा उपचाराला तयार होईपर्यंत घराने थांबण्याचे कारण नाही.

बालन्याय अधिनियम, २०१५ नुसार पालक सांभाळ करण्यास अपात्र वा असमर्थ ठरल्यास ते मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ मानले जाते. असे मूल आढळल्यावर त्याला २४ तासांत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. ‘मूल काढून नेतील’ या धास्तीने अनेक आया तोंड उघडत नाहीत. वस्तुतः संस्थेत ठेवणे हा या कायद्याने शेवटचा उपाय मानला आहे. मूल आजीकडे वा मावशीकडे सुरक्षित राहत असेल, तर तो मार्ग आधी तपासायला हवा. मिशन वात्सल्य या सरकारी बालसंरक्षण योजनेखाली पात्र मुलाला दरमहा ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व मिळू शकते.

उणीव आहे ती समन्वयाची. व्यसनमुक्ती सामाजिक न्याय खात्याकडे, बालसंरक्षण महिला व बालविकासाकडे; घर मात्र एकच. उपचारासाठी दाखल होणाऱ्या प्रत्येकाला ‘घरी मुले किती, ती कोणाजवळ आहेत’ हे पहिल्याच दिवशी विचारले गेले पाहिजे.

संकटातील मुलासाठी १०९८ आणि व्यसनाविषयी सल्ल्यासाठी १४४४६ हे क्रमांक निःशुल्क आहेत; शेजारी, शिक्षक किंवा मूल स्वतःही १०९८ वर फोन करू शकते.