साडेपाच फुटांची साखळी

खालची रात्र एका घरची नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत, धरणांच्या पाण्याने उसाखाली आलेल्या पट्ट्यात, अशा रात्री पुष्कळ होऊन गेल्या. त्यांतले तपशील एका वस्तीवर आणून बसवले आहेत. महिना डिसेंबर. कुत्र्याचं नाव काळू, वय तीन वर्षं. पहाटेपर्यंत तो जिवंत नसेल.

दुपारी ३.१०
घरामागच्या उसाला तोड आली आहे. टोळीने सकाळपासून दीड एकर मोकळं केलं. उरलेला अर्धा एकर उद्यावर टाकला. या फडात वर्षभर आडोसा होता. आता घराकडच्या अंगाला एक पट्टी तेवढी उभी आहे. पट्टीपासून ओटा साठ फूट.

४.२५
टोळीतल्या एका बाईला चारीच्या ओल्या मातीत ठसा दिसतो. चार बोटं, मागे रुंद गादी, बोटांपुढे नखं नाहीत. कुत्र्याच्या ठशात नखांचे टोचे उमटतात. बिबट्या नखं आत ओढून चालतो. मालक वाकून बघतो. "आमच्या काळूचाच असंल." काळूचा पंजा शेजारच्या चिखलात दाबून बघायला दोन मिनिटं लागली असती. ४.३५ ला उसाची बैलगाडी त्या ठशावरून जाते.

५.४०
रविवार. कोंबडी साफ करून पिसं-आतडी बांधाच्या पलीकडे टाकली जातात. नेहमीची जागा. वस्तीवरची कुत्री तिथे जमतात, हेही नेहमीचंच.

६.१५
सूर्य मावळला. ओट्यावरचा दिवा लागतो. मागच्या भिंतीवरचा मंगळवारपासून गेलेला आहे.

७.३०
चार शेळ्या आणि एक वासरू गोठ्यात जातात. गोठ्याला गेल्या वर्षी चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी मारली, शेजारच्यांच्या दोन शेळ्या गेल्यानंतर. कडी, वर कुलूप. म्हणजे बिबट्या माहीत नव्हता असं नाही. त्याच्यासाठी खर्च झाला होता, तो शेळ्यांच्या बाजूने झाला होता.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांची विष्ठा तपासली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबाने, ८७ टक्के वाटा माणसांच्या सोबतीने राहणाऱ्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा ११. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. पण शेळीमागे दिवसा माणूस असतो आणि रात्री तिला कोंडतात. कुत्रा राखणदार, त्यालाही राखावं लागतं, हे अंगणात कुणाच्या मनात येत नाही.

८.१५
काळूला भाकरी-कालवण घातलं जातं आणि साखळी अडकवली जाते. पूर्वी तो रात्री मोकळा असे, खाटेखाली निजे. पंधरवड्यापूर्वी दूधवाल्याच्या मोटारसायकलमागे लागला, बोलाबोली झाली, तेव्हापासून बांधतात. खुंटी अंगणाच्या मागच्या कोपऱ्यात. साखळी साडेपाच फूट. खुंटीपासून दार नऊ फूट.

९.५०
या आठवड्यात शेतीची थ्री-फेज वीज रात्री दहाला येते. कांद्याला पाणी द्यायचं आहे. मालक बॅटरी आणि काठी घेऊन निघतो. काळू उठून साखळी ताणतो. "असूंदे घराकडं, सोबत हाय पोरांला." घरात बायको, दोन मुलं आणि कानाने कमी असलेली म्हातारी राहते.

१०.४०
गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी संदेश येतो: पाझर तलावाकडं बिबट्या दिसलाय, पोरं बाहेर सोडू नका. खाली अंगठे उमटत जातात. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कुणी तरी कळवलं असेल, असं प्रत्येकाला वाटतं. बायको संदेश ऐकते, मुलं अंथरुणात आहेत ना ते बघते, दाराला आतून कडी घालते. संदेशात पोरांचं म्हटलं होतं. तिने तेवढं केलं.

१.१५
काळू फडाकडे तोंड करून भुंकतो. चार मिनिटं, न थांबता. आतून आवाज येतो: "गप रे." तो गप्प होतो. हाक ऐकणारा कुत्रा होता.

१.४०
आता भुंकणं नाही. तो दाराच्या दिशेने जाईल तितका जातो आणि कुंइकुंइ करतो. साखळी संपते. दार अजून साडेतीन फूट.

२.२०
पलीकडच्या वस्तीवरची कुत्रीही थांबली आहेत. मोटरचा आवाज तेवढा येतो.

२.४६
ओट्यावरच्या कॅमेऱ्याला हालचाल कळते आणि चाकणला नोकरीला असलेल्या थोरल्या मुलाच्या फोनवर सूचना जाते. मांजर, घूस, वाऱ्याने हलणारं पोतं, अशा सूचना रात्रभर येत राहतात. त्याने त्यांचा आवाज महिन्याभरापूर्वी बंद केला आहे.

२.४७
बिबट्या मागच्या, अंधाऱ्या बाजूने येतो. चित्रात तो अकरा सेकंद आहे. पकड गळ्याला. साखळी दोनदा वाजते. तिसऱ्यांदा गळपट्टा तुटतो.

गळपट्टा चामड्याचा, साधा. मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना बाहेरच्या अंगाने खिळे असलेले पट्टे घालतात, ते याच पकडीसाठी. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला माणसांनीच तसले पट्टे स्वतःच्या गळ्यात घातल्याच्या बातम्या आल्या होत्या.

२.५२
म्हातारी उठून पाणी पिते. बाहेर शांत आहे म्हणून परत निजते.

५.५५
मोटर बंद करून मालक परततो. खुंटी वाकलेली, साखळी जागेवर. उसाच्या पट्टीपर्यंत ओढल्याची खूण. तो फडात शिरत नाही. या रात्रीतला हा एक निर्णय बिनचूक होता.

६.३०
टोळी येते. पट्टी तोडायला कुणी तयार होत नाही. मालक १९२६ फिरवतो.

७.४०
वनरक्षक येतो. खुंटीजवळचा ठसा मोजपट्टीने मोजतो, फोटो काढतो. फटाके वाजवून, गलका करत उसाची पट्टी एका बाजूने तोडायला सांगतो. शेळी गेली असती तर भरपाईचा अर्ज कसा भरायचा, ते मालकाला पाठ आहे. कुत्र्याचं काय, असं तो विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही. मागचा दिवा आजच लावा, कोंबडीची घाण पुरा, असं सांगून वनरक्षक वही काढतो. वस्तीवर अजून किती कुत्री आहेत?

सात. त्यांतली पाच रात्री बांधलेली असतात.