स्कॉटलंडमधील एक जपानी विद्यार्थी

वसंतातील व्यासपीठावरून दारूविषयी बोलावे हे काही मंडळींना रुचणार नाही. परंतु आम्ही येथे बोलणार आहोत ते पिण्याविषयी नव्हे, शिकण्याविषयी. परकी विद्या स्वदेशी आणायची म्हणजे नेमके काय काय आणावे लागते, हा प्रश्न आपल्याकडेही जुना आहे. 1908 साली तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तेव्हा तेथील काम ज्यांच्या हाती होते ते ईश्वरदास वार्ष्णेय जपानात काचविद्या शिकून आलेले होते. आपले तरुण ज्या जपानात विद्या आणायला जात, त्याच जपानातून दहा वर्षांनी एक तरुण स्कॉटलंडला गेला. मासाताका ताकेत्सुरु हे त्याचे नाव.

1894 साली ताकेहारा गावी जन्मलेल्या या मुलाच्या घरी साके, म्हणजे तांदळाची मदिरा, करण्याचा पिढीजात धंदा होता. ओसाकाच्या तांत्रिक विद्यालयात तो आंबविण्याचे शास्त्र शिकला आणि सेत्सु शुझो या कंपनीत लागला. त्या काळी जपानात व्हिस्की म्हणून जे विकले जाई, ते बहुधा अल्कोहोलात रंग व सुगंध मिसळून केलेले असे. खरी कृती शिकून यावी म्हणून कंपनीने 1918 साली, महायुद्ध चालू असतानाच, त्याला धाडले.

ग्लासगो विद्यापीठात तो सेंद्रिय रसायन शिकू लागला. जव भिजवून मोड आणले की दाण्यातली विकरे जागी होतात आणि कोमट पाण्यात पिष्टाची साखर करतात. मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व गोडसर लागते तेही त्यामुळेच. हे मोड वाळविताना पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतके साचलेल्या वनस्पतींचे इंधन, जाळले तर धुरातील फिनॉले दाण्यात उतरतात. पुढे यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते. अल्कोहोल 78 अंशांच्या सुमारास उकळते आणि पाणी 100 अंशांना. म्हणून वाफ धरून थंड केली की अल्कोहोलाचा अंश वाढतो. पण एवढे तर ओसाकातही शिकवीत असत. मग एवढा प्रवास कशासाठी?

खरी मेख अशी की, येथे अल्कोहोल शुद्ध करून चालतच नाही. निव्वळ अल्कोहोलाला चव अशी फारशी नाही. चव आहे ती त्याच्याबरोबर येणाऱ्या अल्पस्वल्प द्रव्यांत. तांब्याच्या पात्रातून द्रव दोनदा काढतात (गोव्याच्या भट्टीवरही पहिली धार ती उर्राक आणि पुन्हा चढविल्यावर फेणी). दुसऱ्या खेपेचा पहिला उग्र भाग बाजूला, शेवटचा जडही बाजूला, आणि मधला तेवढा पिंपात. धार कोणत्या क्षणी वळवायची? तांबे गंधकाची दुर्गंधी शोषून घेते, तेव्हा पात्राचा आकार केवढा असावा, आच किती असावी? नेटलटन या तज्ज्ञाचा 1913 सालचा ग्रंथ ताकेत्सुरुने अभ्यासला होता. त्याच्याकडेच शिकवणी धरावी म्हणून तो एल्गिनला गेला. पण मागितलेली फी परवडणारी नव्हती.

तेव्हा त्याने भट्ट्यांची दारे ठोठावली. 1919 च्या एप्रिलात लाँगमॉर्नला जेमतेम काही दिवस, उन्हाळ्यात बोनेसला काही आठवडे, आणि 1920 मध्ये कॅम्पबेलटाउनच्या हेझलबर्न येथे काही महिने त्याला काम पाहता आले. पात्र आतून घासण्याचे काम कामगारांना नकोसे असे. ते त्याने आपणहून मागून घेतले, असे सांगतात. आत शिरल्यावाचून पात्राची घडण कळणार कशी? जे पाहिले ते त्याने आकृत्यांसह वहीत उतरविले. कामगारांचे तास आणि मजुरीसुद्धा टिपली, हे आम्हांस विशेष वाटते. कारखाना यंत्रांवर चालतो तसा माणसांवर चालतो, हे त्या पंचविशीतल्या पोराने ओळखले होते.

1920 च्या जानेवारीत त्याने रीटा कोवन या स्कॉटिश तरुणीशी लग्न केले आणि वर्षअखेर तो सपत्नीक परतला. परंतु युद्धोत्तर मंदीत कंपनीने बेत सोडला होता. वही तशीच राहिली. 1923 साली शिंजिरो तोरीई या उद्योजकाने त्याला बोलाविले व क्योटोजवळ यामाझाकीची भट्टी उभी राहिली. 1929 साली ‘शिरोफुदा’ बाजारात आली, आणि पडली! जपानी ग्राहकाला तिला धुराचा वास आला. विद्यार्थी धडा चुकला नव्हता. त्याने तो फार इमानाने आणला होता.

येथे दोघांच्या वाटा फुटल्या. तोरीईने पेय लोकांच्या जिभेला जुळवून घेतले. त्याची 1937 सालची ‘काकुबिन’ उदंड खपली. ताकेत्सुरुने उलट केले. पेय तसेच ठेवून त्याला साजेशी भूमी शोधली. व्यापारात तोरीई सरस, यात शंका नाही. पण आमचे मन दुसऱ्याकडे ओढ घेते. उत्तरेच्या होक्काइडो बेटावर योइची येथे थंड हवा, पाणी आणि पीट होते. तेथे 1934 साली त्याने ‘दाई निप्पॉन काजू’ ही कंपनी काढली. (जपानीत काजू म्हणजे फळांचा रस, आपल्या काजूशी त्याचा काही संबंध नाही.) व्हिस्की मुरेपर्यंत वर्षे जातात, म्हणून तोवर सफरचंदाचा रस विकावयाचा. 1936 साली पैशाअभावी एकच पात्र बसविता आले. दोन्ही खेपा त्यातूनच काढीत. पहिली बाटली 1940 साली निघाली. कंपनीच्या नावातली अक्षरे उचलून तिला ‘निक्का’ म्हटले.

रीटा 1961 साली वारली, ताकेत्सुरु 1979 साली. स्कॉटलंडने थेट कोळशाची आच बहुतेक ठिकाणी केव्हाच सोडली. योइचीला मात्र पात्राखाली अजूनही कामगार फावड्याने कोळसा टाकतो.