स्तंभालेख आणि त्रुटी-रेषा : एका आकृतीमागील दोन परंपरा

संशोधन-लेखांतील स्तंभालेखात प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर अनेकदा एक बारीक उभी रेषा आणि तिच्या दोन्ही टोकांना आडव्या टोप्या दिसतात. हीच त्रुटी-रेषा. येथे ‘त्रुटी’ म्हणजे चूक नव्हे. निरीक्षणांतील विखुरणे किंवा अंदाजातील अनिश्चितता असा तिचा अर्थ आहे. स्तंभ आणि त्रुटी-रेषा आज एकत्र दिसत असल्या, तरी त्यांचे उगम वेगळे आहेत.

१. नोंदलेल्या रकमांचा स्तंभ

विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक ग्रंथातील इतर आलेख काळानुसार होणारे बदल दाखवतात. स्कॉटलंडची मात्र अनेक वर्षांची आकडेवारी त्याला मिळाली नाही. म्हणून १७८०-८१ या एकाच वर्षाची आयात-निर्यात त्याने देशवार स्तंभांनी दाखवली. काळ नसल्यामुळे हा आलेख त्याला स्वतःलाच कमी उपयोगाचा वाटला. हे आकडे नोंदलेल्या रकमांचे होते. तेथे नमुना नव्हता, त्यामुळे नमुन्यातून येणाऱ्या त्रुटीचा प्रश्नही नव्हता.

२. अंदाजाची त्रुटी

त्रुटीचा गणिती विचार खगोलशास्त्रात वाढला. ग्रहांच्या वेधांतील फरकांना गाउस याने १८०९ मध्ये संभाव्यतेच्या चौकटीत बसवले. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट याने १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लहान नमुन्याच्या सरासरीची त्रुटी कशी काढावी, हे मांडले. विश्वासांतराची उपपत्ती जर्झी नेमन याने १९३७ मध्ये सविस्तर दिली.

३. ‘आर’ भाषेतील जोडणी

बेल प्रयोगशाळेत १९७६ पासून घडलेल्या ‘एस’ भाषेच्या धर्तीवर रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात ‘आर’ तयार केली. तिची १.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. दोन परंपरांमधला सांधा येथेही दिसतो. मूळ ‘आर’मधील ‘बारप्लॉट’ हे फलन फक्त स्तंभ काढते आणि त्यांच्या मध्यबिंदूंची स्थाने परत देते. तीन साध्या स्तंभांसाठी ती ०.७, १.९ आणि ३.१ अशी असतात. या स्थानांवर ‘अ‍ॅरोज’ फलनाने बाण काढायचे. बाणाचा कोन ९० अंश ठेवला आणि दोन्ही टोकांना टोक मागितले, की बाणाचीच त्रुटी-रेषा होते. उभ्या अक्षाची मर्यादा वाढवली नाही, तर वरची टोपी कापली जाऊ शकते. हॅडली विकम यांच्या ‘जीजीप्लॉट२’ या संचात ‘जिओम एररबार’ हा स्वतंत्र थर मिळतो. तरीही रेषेची खालची व वरची मर्यादा आपल्यालाच पुरवावी लागते.

४. कोणती रेषा?

समजा, २५ निरीक्षणांची सरासरी ५० आणि प्रमाण विचलन १० आहे. प्रमाण विचलन दाखवणारी रेषा ४० ते ६० अशी पसरेल. प्रमाण त्रुटी १० भागिले ५, म्हणजे २. तिची रेषा ४८ ते ५२ इतकीच असेल. ९५ टक्के विश्वासांतर सुमारे ४५.९ ते ५४.१ येईल. माहिती तीच, पण रेषा तीन. पहिली निरीक्षणे किती विखुरलेली आहेत हे सांगते. उरलेल्या दोन सरासरीचा अंदाज किती नेमका आहे हे सांगतात. सर्वांत आखूड रेषा पाहून निष्कर्ष पक्का मानण्याचा मोह होतो. म्हणून आकृतीखाली रेषेचा प्रकार आणि नमुन्याचा आकार लिहिणे आवश्यक आहे. ती निवड संगणक करत नाही. ती अभ्यासकाची जबाबदारी आहे.